पुण्याच्या झेंड्यावर काय काढावं, काय काढू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. उपयोजित कलेच्या एका विद्यार्थिनीला पुणे शहरासाठी काल्पनिक मानचिन्ह आणि झेंडा करायचा आहे. महापालिकेचं बोधचिन्ह बदलायचा विचार नाही, अभ्यासक्रमातलं काम आहे. तिने ढालीचा आकार घेऊन चार कप्पे पाडलेत. त्यांत शनिवारवाडा, गणपती, उघडं पुस्तक आणि आयटी पार्कची इमारत. वर सिंहगड, खाली नदी, आणि जागा उरली म्हणून कोपऱ्यात सायकल. मार्गदर्शकांनी सांगितलंय, ‘प्रत्येक प्रतीकाचा अर्थ लिहून आणा.’ तिचे तीन प्रश्न आहेत. यातलं काय ठेवू? रंगांचे अर्थ कोणते? आणि संस्कृत ब्रीदवाक्य लागतंच का?

मी शाळा, पतसंस्था, सहकारी बँका, क्वचित एखादी नगरपालिका यांच्यासाठी बोधचिन्हं करतो. जुन्या मुद्रा आणि शिक्के वाचणं हा त्याला जोडून लागलेला नाद. त्यामुळे माझं मत जरा कारागिराच्या बाजूने झुकलेलं असेल, ते लक्षात ठेवूनच वाचा.

तुमची खरी अडचण सात गोष्टींतून निवड करण्याची नाहीच. आधी अर्थांची यादी करायची आणि मग तिला चित्रं शोधायची, असा उलटा प्रवास चाललाय. ज्ञानासाठी पुस्तक, प्रगतीसाठी इमारत, पर्यावरणासाठी सायकल. ही यादी पुण्याच्या जागी नाशिक किंवा कोल्हापूर लिहूनही तशीच चालेल. जुन्या शहरांची चिन्हं अशी जन्मलेली नाहीत. ती आधी कुठल्या तरी कामाला लागली, कागदावर उमटवायला, जहाजावर लावायला, वेशीवर कोरायला. अर्थ त्यांना मागाहून चिकटले, कधी कधी तर शेकडो वर्षांनी.

पॅरिसचं घ्या. त्या शहराच्या चिन्हात शिडाचं जहाज आहे. ते कुठल्या सद्गुणाचं प्रतीक म्हणून कुणी बसून काढलेलं नव्हतं. सीन नदीवरून मालाची ने-आण करणाऱ्या व्यापाऱ्यांचा संघ शहरात वजनदार होता आणि त्याच्या शिक्क्यावर नाव होती. तोच शिक्का पुढे शहराचा झाला. ‘हेलकावे खातं, पण बुडत नाही’ हे लॅटिन ब्रीद अधिकृत झालं ते थेट १८५३ मध्ये. म्हणजे नाव मध्ययुगातली आणि तिचं तत्त्वज्ञान एकोणिसाव्या शतकातलं.

आपल्या औंधच्या ब्रेमेन चौकामुळे ज्या जर्मन शहराचं नाव पुणेकरांच्या तोंडी आहे, त्या ब्रेमेनचं चिन्ह म्हणजे लाल पार्श्वभूमीवर एक चंदेरी किल्ली. तिथलं मुख्य चर्च संत पीटरचं, आणि ख्रिस्ती परंपरेत स्वर्गाच्या किल्ल्या पीटरच्या हातात असतात. ब्रेमेनने संताला बाजूला ठेवलं आणि त्याच्या हातातली वस्तू तेवढी घेतली. इथे जरा थांबा, कारण तुमच्या गणपतीच्या कप्प्याचं उत्तर इथेच आहे. शेजारच्या हॅम्बुर्गच्या चिन्हात किल्ल्याचं दार आहे. त्यावरून ब्रेमेनकर म्हणतात, हॅम्बुर्ग जगाचं दार असेल, पण किल्ली आमच्याकडे आहे! पुणेकराला शोभेल असा टोमणा आहे. पण हा विनोद सुचावा म्हणून कुणी किल्ली काढली नव्हती. दोन चिन्हं शेजारी आली आणि लोकांना गंमत सुचली.

लंडन शहरानेही तेच केलं. पांढऱ्यावर लाल क्रूस, आणि वरच्या कोपऱ्यात एक छोटी उभी तलवार. ती शहराचा रक्षक मानलेल्या संत पॉलची. लंडनमध्ये मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं की १३८१ च्या शेतकरी बंडात महापौराने बंडाचा पुढारी वॉट टायलर याला ज्या खंजिराने मारलं, तोच हा खंजीर. गोष्ट झकास आहे, पण खोटी. तलवार त्या प्रसंगाच्या आधीपासून शहराच्या शिक्क्यावर होती.

ॲम्स्टरडॅमचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. लाल ढाल, मधून काळा उभा पट्टा आणि त्यावर एकाखाली एक तीन पांढऱ्या फुल्या. पर्यटकांना हमखास सांगतात की आग, पूर आणि प्लेग ही शहरावरची तीन संकटं म्हणजे या तीन फुल्या. अभ्यासक हे मानत नाहीत. त्या भागातल्या एका जुन्या सरदार घराण्याच्या चिन्हातून त्या आल्या असाव्यात, असा त्यांचा कल आहे. ढालीवरचा मुकुट मात्र तारखेनिशी सांगता येतो. १४८९ मध्ये हाब्सबर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियन राजाने तो वापरायचा हक्क शहराला दिला. आणि खालच्या फितीवरचे तीन शब्द, ज्यांचा आशय शूर, निश्चयी, दयाळू असा आहे, ते १९४७ मध्ये नेदरलँड्सची राणी विल्हेल्मिना हिने दिले. कारण फेब्रुवारी १९४१ मध्ये नाझींनी ज्यूंची धरपकड सुरू केल्यावर या शहरातल्या कामगारांनी संप केला होता. ट्राम बंद, गोदी बंद, कारखाने बंद. एकाच चिन्हात तीन थर दिसतात. फुल्या का आल्या याची कुणाला धड आठवण नाही, मुकुट राजकारणातून आला, आणि शब्द शहराने स्वतः कमावले. यातला कुठला अर्थ ‘खरा’ असं विचारलंत तर मी म्हणेन, तिन्ही. पण कुठला कधी आला हे माहीत असायला हवं.

अर्थ आधी ठरवून केलेला आणि तरीही जमलेला झेंडा हवा असेल, तर शिकागोचा बघा. १९१७ मध्ये तो स्वीकारला गेला. पांढऱ्यावर दोन फिक्या निळ्या आडव्या पट्ट्या आणि मधे लाल तारे. आधी तारे दोनच होते, तिसरा १९३३ मध्ये आला, चौथा १९३९ मध्ये. प्रत्येक तारा शहराच्या इतिहासातला एकेक टप्पा, त्यांत १८७१ ची भीषण आगही आली आणि १८९३ चं जागतिक प्रदर्शनही. तुमच्या प्रकल्पाला हे उदाहरण जास्त जवळचं. पण एक बघा, त्यात आगीचं चित्र नाही आणि प्रदर्शनातली इमारतही नाही. ताऱ्यांची मोजणी आहे. म्हणूनच ते लांबून ओळखू येतं, आणि तिथली पोरं वहीच्या मागच्या पानावर ते काढू शकतात.

आता घरी येऊ. ढाल, दोन्ही बाजूंना दोन प्राणी, खाली फीत हा सगळा थाट आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला. १८७७ च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना अशी चिन्हं असलेले मोठाले झेंडे मुद्दाम बनवून देण्यात आले होते. कलकत्ता महापालिकेला १८९६ मध्ये रीतसर मानचिन्ह मिळालं, त्यात ढालीच्या दोन बाजूंना चोचीत साप धरलेले दोन हरगिला पक्षी होते. हरगिला म्हणजे शहरातली घाण खाणारा, टकला, बेढब करकोचा. शहराची साफसफाई हे ज्या संस्थेचं काम, तिने सिंहाऐवजी हा पक्षी उभा करावा यात मला फार प्रामाणिकपणा वाटतो. आज कुठल्या महापालिकेला सुचवून बघा, बैठकीतून बाहेर काढतील.

आपली स्वतःची रीत वेगळी. राजवंशांना प्राण्यांची लांच्छनं, म्हणजे ओळखचिन्हं होती, चालुक्यांचा वराह, राष्ट्रकूट आणि यादवांचा गरुड. ज्या ताम्रपटांत पुण्याच्या प्रदेशाचा ‘पुण्य विषय’ आणि ‘पूनक विषय’ (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्हा) असा उल्लेख सापडतो, ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे, इसवी सन ७५८ आणि ७६८ चे. मराठेशाहीत मात्र चिन्ह म्हणजे मुख्यतः मजकूर. शिवाजी महाराजांची मुद्रा आठवा: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’. त्यात चंद्रकोर आहे, पण काढलेली नाही, लिहिलेली आहे. पेशव्यांच्या मुद्रेतही ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान’ अशी छत्रपतींची ग्वाही आधी, मग प्रधानाचं नाव. हा शिक्का कुणाच्या अधिकाराने उमटला, हे सांगणं त्याचं काम.

जमलं तर अशी मुद्रा उमटलेला मूळ कागद एकदा भिंगातून बघाच. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे. छापील पुस्तकात दिसते तशी ती सुबक नसते. काजळाची काळी शाई एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला पुसट, कारण दाबणाऱ्याचा हात कललेला. ओळींच्या मधे बारीक आडव्या रेघा. ओळ संपली की शब्द खुशाल मधेच तोडलेला, उरलेलं अक्षर पुढच्या ओळीत. कुठे रिकामी जागा म्हणून नाही, अक्षरं चौकट भरून टाकतात. आणि तरीही अष्टकोनी कडेमुळे अख्खा शिक्का हातभर अंतरावरून ओळखू येतो. म्हणजे मजकूर वाचण्यासाठी आणि कड ओळखण्यासाठी. हीच युक्ती २ सप्टेंबर २०२२ ला भारतीय नौदलाच्या नव्या ध्वजात वापरली गेली. त्यातला निळा अष्टकोन शिवरायांच्या मुद्रेवरून घेतलाय. तुम्हीही ढाल सोडून अष्टकोन घ्यावा असं मी सुचवेन. ढालच हवी असेल तर मराठ्यांची घ्या. ती गोल असते, टोकदार बुडाची नाही.

आता तुमच्या सात गोष्टी.

आयटी इमारत आणि सायकल आजच काढून टाका. इमारत आणखी वीस वर्षांनी कशी दिसेल सांगता येत नाही. सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख आता आठवणीतच उरलीय. लक्ष्मी रोडवर सायकल चालवून बघा, म्हणजे पटेल. उघडं पुस्तक महाराष्ट्रातल्या निम्म्या शाळांच्या चिन्हात आहे, मी स्वतः त्यात भर घातलीय. सिंहगड पुण्याचा आहेच, पण डोंगराची कड लहान आकारात नुसती डोंगराची कड राहते. तो सिंहगडच हे कळायला खाली नाव लिहावं लागत असेल, तर चिन्ह नापास.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा देखणा आहे. दोन बुरूज, मधली कमान, दारावरचे हत्तींसाठीचे अणकुचीदार खिळे. १७३० मध्ये पाया घातला गेला, १८२८ च्या आगीत आतलं बहुतेक सगळं गेलं, दार आणि तट उरले. अडचण अशी की बुरूज-दरवाजा हे जगभरच्या शहरचिन्हांतलं सगळ्यांत झिजलेलं चित्र आहे. तो घ्यायचाच असेल तर एकट्याने येऊ द्या, आणि बुरुजांची ठेवण नीट मोजून काढा. बाकीच्यांच्या गर्दीत तो नुसता ‘एक किल्ला’ दिसतो.

गणपती. कसबा गणपती ग्रामदैवत, त्याला शहरचिन्हात जागा असावी हे साहजिक आहे. पण मूर्ती रेखाटलीत की प्रश्नांची रांग लागते. सोंड कुठल्या बाजूला? हातात काय? हा कसब्याचा की दगडूशेठचा? शिवाय हे चिन्ह पायपुसण्यावर, कचऱ्याच्या गाडीवर, गटाराच्या झाकणावरही येणार. तिथे देवाची मूर्ती कुणाला सहन होईल? ब्रेमेन आणि लंडनकडून घ्यायचं ते इथे. देव राहू दे, त्याच्या हातातली वस्तू घ्या. परशू किंवा अंकुश दोन रेघांत उभा राहतो. ज्याला गणपती दिसायचा त्याला दिसतो, बाकीच्यांना एक ठसठशीत आकार दिसतो.

नद्या. मुळा-मुठेचा संगम ही मात्र शहराच्या नकाशावरची खरीखुरी खूण आहे. दोन पट्टे येऊन एक होतात, हा आकार झेंड्यासाठी फार सोपा. उणीव एवढीच की संगम कराडलाही आहे आणि प्रयागलाही. म्हणून त्याच्या जोडीला पुण्याचं असं काहीतरी हवं.

ते तुमच्या यादीत नाहीच, याचं मला नवल वाटलं. सोन्याचा नांगर! १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकली, म्हणजे इथे पुन्हा वस्ती होऊ नये. पुढे जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या तेव्हा सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं, असं परंपरा सांगते. उजाड झालेलं गाव पुन्हा नांगरून उभं केलं, ही शहराच्या जन्माचीच गोष्ट आहे. आणि सांगायला चित्र एकच लागतं, फाळ. आता या प्रसंगी कोण कोण हजर होतं, यावर पुण्यात काय काय घडून गेलंय ते लाल महालातल्या शिल्पसमूहामुळे २०१० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. मी त्या वादात शिरत नाही. कारागीर म्हणून एवढंच म्हणतो की माणसं काढलीत तर वाद चिन्हात शिरतो, नुसता फाळ काढलात तर गोष्ट शिरते आणि वाद बाहेर राहतो.

म्हणजे माझी निवड अशी: अष्टकोन, त्यात खालून वर येणारा फाळ, आणि फाळाच्या दोन्ही अंगांनी येऊन खाली मिळणाऱ्या दोन नद्या. तुम्ही अंकुश घ्याल किंवा दरवाजा घ्याल, माझी हरकत नाही. एक मुख्य आणि एक सोबतीला, त्यापलीकडे जाऊ नका.

रंगांबद्दल. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे शांतता अशा याद्यांवर विसंबू नका. आपल्याच राष्ट्रध्वजाचा प्रवास बघा. १९२१ च्या सुमाराच्या झेंड्यात रंग समाजांच्या नावे सांगितले जात होते, लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतरांचा. १९३१ मध्ये काँग्रेसने लालऐवजी केशरी घेतला आणि ठरावच केला की रंगांना जातीय अर्थ नाही, केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि सामर्थ्याचा. हिरवा तोच, पांढरा तोच, अर्थ मात्र ठरावाने बदलला. तेव्हा रंगाला उपजत अर्थ असतो असं मार्गदर्शकांना लिहून देऊ नका. ‘हा रंग या कारणासाठी घेतला’ एवढंच लिहा.

युरोपातल्या मानचिन्हांचा एक नियम मात्र पाठ करा. सोनेरी-पिवळा आणि पांढरा-चंदेरी हे ‘धातू’, बाकीचे ‘रंग’. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण रणांगणावर लांबून ओळखू यायला हवं. भगव्यावर लाल फाळ काढलात तर दहा पावलांवरून तो दिसणार नाही. भगव्यावर जरीचा चमकेल. पण भगवा घ्यायचा का, हे कुणासाठी करताय त्यावर आहे. पुण्यात भगवा म्हटलं की किल्ला, वारीतल्या पताका, मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक आणि निवडणुकीतला पक्ष, सगळं एकदम डोळ्यापुढे येतं. ज्या रंगात शहराची सगळी माणसं आपली वाटली पाहिजेत, त्यात एवढी गर्दी परवडेल का, याचा विचार करा. मी असतो तर पार्श्वभूमी गडद निळी किंवा काळ्या पाषाणाची घेतली असती, नद्या पांढऱ्या आणि फाळ सोनेरी.

झेंडा म्हणजे मानचिन्ह कापडावर छापणं नव्हे. झेंडा बहुतेक वेळ लोंबत असतो, वारा सुटला की दुमडतो, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूने उलटा दिसतो. विसर्जन मिरवणुकीत ध्वज नाचवणाऱ्यांकडे बघा. झोक्याच्या टोकाला क्षणभर कापड ताणलं जातं तेवढ्यातच काय ते दिसतं, एरवी दिसतो तो काठीजवळचा भाग. म्हणून महत्त्वाचं जे असेल ते काठीकडे ठेवा. ब्रेमेनच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या झेंड्यातही चौकडीची नक्षी काठीलगत असते. अक्षरं झेंड्यावर अजिबात नकोत, मागून उलटी वाचली जातात.

मानचिन्हाची परीक्षा उलटी, ती लहान करून घ्यायची. अंगठ्याच्या नखाएवढं करा, एका रंगात काढा, रबरी शिक्का बनवून घ्या आणि सरकारी कार्यालयात असतो तसल्या सुकत आलेल्या पॅडवर दाबून खरखरीत कागदावर उमटवा. सगळ्यांत आधी बारीक मोकळ्या जागा शाईने भरून जातात. त्यानंतरही फाळ फाळच दिसला तर पुढे जा.

ब्रीदवाक्याची सक्ती नाही. संस्कृतच हवं असंही नाही. मुंबई महापालिकेचं ‘यतो धर्मस्ततो जयः’ महाभारतातून आलेलं, त्याला वजन आहेच. पण सुभाषितांच्या पुस्तकातून शोधून चिकटवलेली ओळ ओळखू येते. ॲम्स्टरडॅमसारखं शहराने कमावलेलं काही सापडलं तर घ्या, नाहीतर अष्टकोनाच्या कडेने देवनागरीत नुसतं ‘पुणे’ पुरे. ‘पुणे तिथे काय उणे’ मात्र नको. ते आपण आपल्याबद्दल म्हणायचं नसतं, इतकं तरी कळायला हवं.

शेवटी कायद्याचं. अशोकस्तंभाचे सिंह कुठल्याही रूपात घेऊ नका, २००५ च्या कायद्याने त्यांचा वापर बांधलेला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी किंवा व्यापारचिन्ह म्हणून वापरायला १९५० च्या चिन्हं आणि नावांच्या कायद्याने मनाई आहे. तुमच्या वर्गातल्या कामाला याची बाधा नाही. पण पुढे तेच चित्र टी-शर्टवर छापून विकायचा विचार असेल तर आधी वकिलाला दाखवा. प्रदर्शनात झेंडा खरोखर उभारणार असाल आणि शेजारी तिरंगा असेल, तर ध्वजसंहितेप्रमाणे तुमचा झेंडा त्याच्यापेक्षा उंच जाता कामा नये, आणि मानाची जागा तिरंग्याची. काठ्या विकत घेण्याआधी हे मोजून ठेवा, ऐन वेळी करवत मिळत नाही.